थोरली कुठली?

दवाखान्याच्या तळघरातला तो कॉम्प्युटर इतका जुना होता, की सगळे त्याला ‘पेन्शनर’ म्हणत. पण कुठल्या पेशंटच्या गाठीवर किरण किती आणि कुठे सोडायचे, ती मापं या म्हाताऱ्याच्याच पोटात होती. काल त्याचं डिस्कचं कार्ड जळालं आणि जाताना एकसारखी माहिती ठेवणाऱ्या जोडीतली एक डिस्कही घेऊन गेलं. दुरुस्तीला आले दादा. बाहेर बाकावर त्यांची धाकटी बहीण किरणांसाठी बसली होती. ती दादा म्हणते म्हणून अख्खं तळघर त्यांना दादाच म्हणायचं.

दादांचा हात या कामात बसलेला. भरलेल्या डिस्कवर त्यांनी खडूने ‘थोरली’ लिहिलं, नव्या कोऱ्या डिस्कवर ‘धाकटी’. माणूस आकडे विसरतो, नाती विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. जुन्या सिस्टिमला नवं कार्ड दिसतच नव्हतं. त्याची ओळख करून देणारा ड्रायव्हर फ्लॉपीवरून भरावा लागला. बरेच आढेवेढे घेऊन पेन्शनरने शेवटी विचारलं, पहिल्या डिस्कवरून दुसरीवर नक्कल करायची का?

“आडात आहे, आता पोहऱ्यात येईल,” दादा म्हणाले आणि त्यांनी ‘हो’ दाबलं.

“दादा, झालं का रे?” बाहेरून आवाज आला.

“झालंच समज!”

खुर्ची मागे सरकवताना त्यांची नजर दिव्यांवर गेली. लिहिण्याचा लाल दिवा थोरलीवर लुकलुकत होता. जुनं कार्ड डिस्क वरून मोजायचं, म्हणून वरची थोरली पहिली; नव्याचा ड्रायव्हर खालून मोजत होता. त्याच्या हिशेबी पहिली ठरली होती धाकटी, आणि तिचं कोरेपण थोरलीवर उतरत होतं.

दादांची पाचावर धारण बसली. त्यांनी वायर उपटली.

पुन्हा जोडल्यावर पेशंटची यादी उघडली. बहिणीचं नाव होतं, पुढे मापंही होती. पण थोरलीचं काय पुसलं गेलं आणि काय उरलं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

“वा, दिसतंय की सगळं!” किरणांच्या मशीनवरच्या ऑपरेटर बाई खूश होऊन म्हणाल्या. “आधी तुमच्याच बहिणीला घेते.”

दादा मनात हिशेब करू लागले. खरं बोलावं, तर सगळ्यांची मापं नव्याने घ्यावी लागणार, आठवडे जाणार. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही खाडा नको, गाठ वाट बघत नाही. आणि मापं बरोबर असली तर? असतीलही. धाकटी त्यांच्याकडे बघून हसत आत गेली. जाडजूड दरवाजा सावकाश बंद झाला. बाई बटणांसमोर बसल्या. पडद्यावरचा आकडा दादा डोळे फाडून बघत राहिले, पण तो खरा की खोटा हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नव्हतं.

स्पीकरमधून धाकटीचा आवाज आला. “दादा बाहेर आहे ना? मग मला भीती नाही.”

बाईंचं बोट बटणाकडे गेलं. दादांनी त्यांचा हात धरला. बाई बघतच राहिल्या. दादांनी माईक ओढून घेतला.

“ऊठ गं धाकटे. मी चुकलोय.”

आत धाकटी टेबलावर उठून बसल्याचा आवाज आला.

“मग आता रे दादा?” तिने विचारलं.