पात्यावर राहिलेला चीक

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. मुरबाडजवळच्या वैशाखरे गावात, प्रेमाबाईंच्या घरात चुलीपासून दोन हातांवर माझी जागा आहे. मला सागाचा पाट आहे, वर वाकलेलं लोखंडी पातं आहे आणि त्याच्या टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी आहे. मुरबाडच्या एका लोहाराने जीपच्या मोडक्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीतून माझं पातं घडवलं. म्हणून माझी धार लवकर जात नाही.

प्रेमाबाई नव्या नवरी होत्या तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे. रानातली करटोली आणि शेवळं, भोपळा, चवळीच्या शेंगा, सगळं मी चिरलं. खवणीला मात्र काम नसे. आमच्या डोंगराकडच्या गावात नारळ येतो तो देवापुढे फोडायला. नारळी पौर्णिमा आणि गौरी झाल्या की खवणी वर्षभर रिकामी. पुढे घरात मिक्सर आला, चकचकीत सुरी आली आणि माझी रवानगी भाताच्या कणगीमागे झाली. तिथे मी चार पावसाळे गंज खात पडून होते.

मला तिथून बाहेर काढलं श्रीजाने. श्रीजा ही प्रेमाबाईंची सून. ती केरळची, मुरबाडच्या दवाखान्यात नर्स आहे. प्रेमाबाईंचा मुलगा हरेश मुरबाड ते कल्याण जीप चालवतो. श्रीजा त्याच्या जीपने ये-जा करायची. तिथेच त्यांचं जमलं. तिची आई ओमनाअम्मा मात्र या लग्नावर रागावली आणि दोन वर्षं लेकीशी एक शब्द बोलली नाही. श्रीजाने मला चिंच-राखेने घासलं, खोबरेल लावलं आणि सासूला म्हणाली, "आई, हिला खवणी आहे आणि तुम्ही हिला उपाशी ठेवली!"

त्यानंतर माझे बरे दिवस आले. पण मला सांगायचं आहे ते एका सकाळीबद्दल. ती आठवली की अजून माझ्या पात्यावर काटा येतो.

दिवाळी नुकतीच झाली होती. दोन वर्षांनी ओमनाअम्मांचा फोन आला होता. त्या येणार होत्या, एका दिवसासाठी. हरेश आणि श्रीजा त्यांना आणायला कल्याणला गेले. जाताना श्रीजा म्हणाली, "आल्यावर मी करते स्वयंपाक." प्रेमाबाई म्हणाल्या, "नाय गो बाय. तुझ्या आईला पयला घास माझ्या हातचा." मग श्रीजाने एका कागदावर अवियल लिहून दिलं. अवियल म्हणजे त्यांच्याकडची मिश्र भाजी. शेवगा, कच्चं केळं, कोहळा, सुरण, गाजर, फरसबी. वर खोबरं-जिरं-मिरचीचं वाटण, शेवटी दही, कढीपत्ता आणि कच्चं खोबरेल.

प्रेमाबाई चौथी शिकलेल्या. तो कागद त्यांनी अक्षर अक्षर लावून तीनदा वाचला. "भाज्या बोटाएवढ्या लांब" असं त्यात होतं, म्हणून शेवग्याचा प्रत्येक तुकडा त्या बोटाशी लावून पाहत होत्या.   'लेकीला इथे धड खायलाही मिळत नाही,' असं ओमनाअम्मांच्या मनात आलं तर? हाच एक घोर त्यांना लागला होता.

आणि चूकही त्या घोरातूनच झाली. श्रीजाने बाजारातून सुरणाची फोड आणून ठेवली होती. प्रेमाबाईंना ती शिळी वाटली. पाहुणीला बाजारचं शिळं कसं घालायचं? त्या पहाटेच रानात जाऊन ताजा रानसुरण खणून आल्या होत्या.

मित्रांनो, सुरणाच्या चिकात डोळ्यांना न दिसणारे, सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. ते जिभेत आणि घशात टोचतात. रानसुरणात ते फार. चिंचेसारखं काहीतरी चांगलं आंबट घालून भरपूर शिजवलं तरच तो खाता येतो. प्रेमाबाईंना हे जन्मापासून माहीत होतं. पण आज भाजी त्यांची नव्हती, कागदाची होती. हातांना त्यांनी तेल चोळलं होतं, त्यामुळे हातही खाजून काही सांगू शकले नाहीत. माझ्या पात्यावर मात्र चीक जाड बसला होता. मला कळत होतं. सांगणार कशी?

तेवढ्यात शेजारच्या रखमीकाकी डोकावल्या. त्यांनी रानसुरणाची साल पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. पण आमच्याकडे सुरण चिरताना आणि शिजवताना खाजेचं नाव काढत नाहीत. नाव घेतलं की ती उठते म्हणतात. काकी आडून म्हणाल्या, "प्रेमे, चिंच हाय का गो घरात?"

"हाय. पन कागदात नाय."

"कागदाला काय घसा असतो?"

"त्यांची रीत हाय, काकी. दही पडतंय की शेवटी. आंबटच असतं."

काकींनी खोबरेलाची बाटली उचलून पाहिली. "डोक्याचं त्याल भाजीत! आता भात काय साबनानं धुनार?" असं म्हणून त्या हसल्या आणि दारातच टेकल्या. चिंचेचं पुन्हा काही बोलल्या नाहीत. बोलायचं तर नाव घ्यावं लागलं असतं.

भाजी शिजली. पहिली वाढणी देवाची म्हणून प्रेमाबाईंनी चव घेतली नाही. दह्याचं भांडं जवळ घेतलं आणि बाहेर जीप वाजली. एरवी चिरून झालं की त्या मला लगेच धुऊन, पुसून आडवी ठेवतात. त्या दिवशी घाईत मी तशीच उभी राहिले, चिकाने माखलेली.

ओमनाअम्मा उंच, गंभीर बाई. पाणी प्यायल्या, लेकीकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. श्रीजा ताटं घेऊ लागली. मी मनात म्हणत होते, कुणीतरी बोला. मग ओमनाअम्मांची नजर माझ्यावर पडली. त्यांच्याकडेही नारळ खवायला असंच खवणीच्या पाटावर बसतात. त्या वाकल्या, खवणीच्या दातांवरून, मग पात्यावरून बोट फिरवलं. "अच्छा है," म्हणाल्या.

थोड्याच वेळात त्या बोट चोळू लागल्या. मग खाजवू लागल्या.

प्रेमाबाईंनी ते पाहिलं. त्यांच्या हातातला डाव थांबला. भाजी वाढली असती तर त्या बाईंचा घसा धरला असता आणि त्या रागाने तशाच निघून गेल्या असत्या. न वाढावी तर घरात पाहुणीपुढे ठेवायला दुसरं काही नव्हतं. 

"थांबा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "खाज हाय ती. सुरनाची खाज. भाजी खायाची नाय कुनी. चुकी माझी हाय."

रखमीकाकींनी तोंडावर हात ठेवला. श्रीजाने रडवेल्या आवाजात आईला सगळं सांगितलं. ओमनाअम्मांनी कागद मागितला, लेकीकडून वाचून घेतला आणि भुवया उंचावून काहीतरी विचारलं. श्रीजा खाली बघत आम्हाला म्हणाली, "माझी आई विचारते, दही कुणी सांगितलं? आमच्या घरी चिंचच घालतात. मी हे हॉस्टेलमध्ये शिकले. आईकडून शिकायचं राहूनच गेलं."

 मग ओमनाअम्मांनी पदर खोचला, दह्याचं भांडं बाजूला सारलं आणि चिंचेसाठी हात पुढे केला. काकींनी चिंचेचा गोळा केव्हाच गुपचूप भिजत घातला होता. भाजी पुन्हा चुलीवर चढली, चांगला अर्धा तास. खोबरं कमी पडेल म्हणून ओमनाअम्मांनी मला धुतलं, पुसलं आणि माझ्यावर बसून नारळ खवला. खवता खवता त्या लेकीशी त्यांच्या भाषेत बोलत होत्या, बहुतेक रागावत होत्या. श्रीजा रडत होती, मध्येच हसत होती. एका दिवसासाठी आलेल्या ओमनाअम्मा दोन दिवस राहिल्या.

मित्रांनो, मला वापरून झाल्यावर धुवा, कोरडी करा, खोबरेलाचं बोट लावा, कणगीमागे टाकू नका, एवढंच मी एरवी सांगितलं असतं. पण त्या सकाळी घरात प्रेमाबाई, काकी आणि मी, माहीत तिघींना होतं आणि बोलता येत नव्हतं ते फक्त मला. तुम्हाला तोंड आहे. ताट वाढण्याआधी बोला.