तासाला हजारच

"चावी टाक हितं!" विश्वजितनं आरओ प्लांटच्या दारातच वर्षाराणीला अडवलं, आन् पाण्याला आलेल्या बायका घागरी काखंत धरून बघाय लागल्या की!

विश्वजित म्हंजी सरपंचाचं लाडकं पोरगं. आन् प्लांट चार वर्सं वर्षाराणीच्या हातात. आमच्या बोरचं पाणी असलं खारं, डाळ दिसभर शिजत न्हाय. ती म्हणाली, "दादा, आत चार मेंब्रेन हाईत. एकातनं तासाला अडीचशे लिटरच गाळून येतंय. हजाराच्या वर वडलं तर क्षार आत बसतोय, मेंब्रेन तुंबतंय."

"बाईच्या हातनं पाणी बारीकच यायचं! जा, भाकरी थाप."

समदी हसली. बायकासुदिक. त्येच लागलं तिला. चावी टाकून ती निघाली.

मग ह्या गड्यानं काय करावं? खारं पाणी भाईर टाकायचा कॉक जवळजवळ बंदच केला, पंपाचा दाब वाढवला. तासाला पंधराशे! गाव म्हणतंय, नाद खुळा! वर्षाराणी रोज घागर घिऊन जायाची, दाबाचा काटा बघायची, मुकाट माघारी. काटा रोज वर. दात आवळून दिस मोजत हुती.

आन् ऐन जत्रंत घावला की! दारात सोयरिकीची दीडशे माणसं, चुलीवर मटण रटरटतंय, आन् प्लांटची धार करंगळीएवढी. ती बी खारट!

पळतच आला तिच्या दारात. "वर्षे, चल की लवकर!"

"या पावणं, बसा. भाकऱ्या व्हायच्यात अजून."

"पाया पडतो तुझ्या!"

"हितं नगं. प्लांटम्होरं पड. त्याच बायकांदेखत."

पडला की! मान खाली घालून म्हणाला, "चुकलं. तुझंच खरं हुतं," आन् चावी तिच्या तळहातावर ठिवली.

तिनं चारी मेंब्रेन काढली, औषधाच्या पाण्यात बुडवली, पदराला हात पुसलं. "रातभर भिजाय पायजेत. सकाळी ये."

"अगं, मग आता पावण्यांस्नी काय पाजू?"

"बोर हाय की."

रातभर लागणार हे तिला त्यो पाया पडायच्या आदीपासनं ठावं हुतं बरं का!

रस्सा असला जाळ, पयल्याच पंगतीला सोयऱ्यानं तांब्या तोंडाला लावला आन् फुर्रकन थुकला. वर्षाराणी भिंतीआडनं बघत उभी. दुसरा थुकला. तिसरा थुकला. मगच ती घराकडं वळली, सावकाश.