दोन चमचे औषध

लेकीच्या, चिमीच्या, बिस्किटांच्या पुड्यावरची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा ती वाचून काढायची. साखर किती, मीठ किती, रंग कुठला. घरात येणारी प्रत्येक वस्तू तिच्या डोळ्यांखालून जायची, आणि संध्याकाळी नवरा आला की तोही. चप्पल काढताना तोल जात नाही ना, शब्द जड पडत नाहीत ना, उगाच पेपरमिंट चघळत आला नाही ना. त्याने दारू सोडल्याला अकरा महिने झाले होते, आणि या अकरा महिन्यांत तिने त्याला नाक बाजूला ठेवून एकदाही मिठी मारली नव्हती. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. हिने तर पाणीही फुंकायला घेतलं होतं.

त्या सकाळी तो खोकतच उठला. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या नाकातोंडात दिवसभर सुताची भुकटी जाते, त्यात हवा बदललेली.

"तुझ्या खोकल्याने पोरगी दचकतेय," ती म्हणाली आणि कपाटातली बाटली काढली. मागच्या आठवड्यात तिची आई राहून गेली होती, तिच्या औषधातली उरलेली. "आईला दोन दिवसांत उतार पडला. दोन चमचे घे आणि जा."

चिमी कडेवर, चिमीच्या मुठीत हिचे केस, आणि गॅसवर दूध वर येत होतं. बाटली नि चमचा ओट्यावर ठेवून ती दुधाकडे धावली. मागे चमचा खणकला, नळ सुटला. "येतो गं," एवढं म्हणून तो गेला. आवाज बसलेला होता. खोकल्याने बसला असेल, तिने मनाशी म्हटलं.

दहाच्या सुमाराला चिमीही एकदा खोकली. लहान मुलाला हे चालतं का, ते बघायला तिने बाटली उजेडात धरली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, अल्कोहोल, आणि पुढे टक्के.

व्यसनमुक्ती केंद्रातून त्याला घरी आणताना डॉक्टरीणबाई बजावून म्हणाल्या होत्या, "याला पेला लागत नाही, नुसती चव पुरते. चूळ भरायचं औषधही वाचून आणा." तिने ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आणि आज स्वतःच्या हाताने! कुंपणानेच शेत खाल्लं.

तिने फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फोन बंद. ती चिमीला उचलून तशीच निघाली.

दुकानात मालक एका मशीनचं चाक फिरवून बघत होते. "अरे, वहिनी? तो तर आल्या आल्या गेला. तासाभरात येतो म्हणाला."

"कुठे?"

"सांगितलं नाही. चेहरा उतरलेला होता जरा. अर्धा दिवस मांडू का?"

"नको, येईल तो," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला खोटा वाटला.

समोरच्या रस्त्याने डावीकडे वळलं की तिसरं दुकान दारूचं. ती डावीकडे वळली. जाळीमागचा माणूस तिला बघताच उठून उभा राहिला. वर्षापूर्वी तिने इथे येऊन घातलेला गोंधळ तो विसरला नव्हता.

"ताई, नाही आला हो. आला असता तर मीच हाकलला असता. तुमचं ते भांडण अजून कानात घुमतंय."

"शहरात तुझं एकच दुकान आहे का?"

"ते बाकी खरं," तो पडेल आवाजात म्हणाला. धंद्यातलं दुःख असावं.

ती रस्त्याच्या कडेला थांबली. चिमी "बाबा, बाबा" करत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बोट दाखवत होती. आता कुठे शोधायचं? आणि एकदम तिला मास्तर आठवले. बस-थांब्यामागे कपडे शिवायचे, आणि दर गुरुवारी दारू सोडलेल्यांची बैठक घ्यायचे. त्यांना स्वतःला सोडून एकोणीस वर्षं झाली होती. ती जवळजवळ पळतच सुटली.

मास्तरांच्या दुकानात मशीनचं डोकं मागे कलंडलेलं होतं आणि त्यावर नवरा वाकला होता. दातांत स्क्रू-ड्रायव्हर, हात कोपरापर्यंत तेलकट. ती थेट त्याच्या तोंडाजवळ नाक घेऊन गेली.

"घे, वास घे," त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढून म्हटलं. "येतोय ना? औषधाचा आहे."

"मी वाचलं नाही रे! सगळं वाचते आणि तेवढंच... मीच दिलं तुला."

"पहिला चमचा तोंडात गेला आणि जिभेला कळलं. गिळला तोवर. दुसरा मी सिंकमध्ये ओतला."

"मग तेव्हाच सांगायचं नाही? आणि फोन?"

"हात तेलात होते, मग बॅटरी संपली. आणि पोर कडेवर, दूध उतू जातंय, अशात तुला काय सांगू? तू अँब्युलन्स बोलावली असतीस."

"बंबसुद्धा," मास्तर कापडावर खडूची रेघ मारता मारता म्हणाले.

तिला हसू आलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो चिंधीला हात पुसत राहिला.

"खरं सांगू? चमचा ओतला, पण बाटली ओतवेना. तशीच हातात धरून उभा होतो. शेवटी झाकण लावून पळालो. दुकानात गेलो तर हात मशीनवर आणि डोकं आपल्या ओट्यावर. दुपारी तू चिमीला घेऊन झोपतेस, तेव्हा घरी यायचं, असं सगळं ठरवून झालं होतं माझं. मग मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, तिथून ऊठ आणि सरळ इकडे ये."

"आला आणि म्हणतो, बोलायचंय," मास्तर म्हणाले. "म्हटलं बोल की, पण आधी हे मशीन टाके सोडतंय ते बघ. आपल्या लोकांनी रिकाम्या हातांनी बोलू नये."

तिने शेवटी विचारून टाकलं. "मास्तर, आता परत पहिल्या दिवसापासून मोजायचं का?"

मास्तरांनी खडू ठेवला. "हे बघ पोरी. पहिला चमचा औषध म्हणून गेला. दुसरा गेला असता, तर ती दारू झाली असती. तो सिंकमध्ये गेला ना? मग अकरा महिने जागच्या जागी आहेत."

तिचा जीव भांड्यात पडला. इतका, की ती कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. "एवढं डोळ्यांत तेल घालून बसले, आणि..."

"चिमे, थू! थू कर आधी," मध्येच नवरा ओरडला. पोरीने मास्तरांचा खडू तोंडात घातला होता. त्याने बोट घालून तो काढला. हिचं लक्षही नव्हतं.

"बघ," मास्तर म्हणाले, "तेल दोघांच्याही डोळ्यांत आहे. याच्या तर हातांतही."

मशीन सुरळीत चालायला लागल्यावर ते तिघं निघाले. मालकांना मास्तरांच्या फोनवरून कळवलं, मांडा अर्धा दिवस. घराच्या जिन्यापाशी येताच नवरा थांबला.

"बाटली घरातच आहे. तू जाऊन ओतून ये. मी वर येत नाही तोवर. हिला दे माझ्याकडे."

तिने चिमीला त्याच्याकडे दिलं. वर जाऊन बाटली सिंकमध्ये उपडी केली, नळ मोठा सोडला, बाटली तीनदा विसळली. काम दोन मिनिटांचं. खिडकीतून खाली बघायची तिला आठवणही झाली नाही. तिने सावकाश तोंड धुतलं. आरशासमोर उभं राहून गुंता सोडवत केस विंचरले, नीट वेणी घातली, शेवटच्या पेडापर्यंत.

खालून हाक आली, "अगं, ओततेस की विहीर उपसतेस?"

"येते रे," ती म्हणाली आणि वेणीला रबर लावायला घेतलं.