कुलूपबंद दारासमोरचा बाक

मित्रांनो, सरकारी रुग्णालयात तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझ्यावर बसला मात्र नसाल. मी तिथला एक जुना लाकडी बाक आहे.

सुताराने रंधा मारून मला आरशासारखं गुळगुळीत केलं होतं. डोळ्यांच्या विभागासमोर होतो, तेव्हा माझ्यावर बसायला झुंबड उडे. पुढे तिथे लोखंडी खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी व्हरांड्याच्या टोकाला, मनाच्या डॉक्टरांच्या खोलीसमोर झाली. तिथे माणसं पाय दुखेपर्यंत उभी राहत, पण बसत नसत. "नको गं बाई, कुणी ओळखीचं पाहिलं तर?" साऱ्या जिल्ह्याला डॉक्टर एकच. ते कधी येत, कधी नाही. एरवी समोर कुलूप आणि इकडे मी.

एका सकाळी शिवणकाम करणारी एक बाई आपल्या धाकट्या भावाला घेऊन आली. तो बस चालवायचा. त्याच्या गाडीखाली एक सायकलवाला सापडला होता. चूक चालकाची नव्हती, कोर्टानेही तसंच सांगितलं. त्याच्या मनाला मात्र ते पटेना. त्याने आधी बोलणं टाकलं, मग जेवण.

"डॉक्टर रजेवर आहेत," शिपाई म्हणाला. "पुढच्या महिन्यात या."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालात, दादा!"

शिपाई मान खाली घालून निघून गेला. ती दोघं माझ्यावर बसली. बऱ्याच वेळाने भाऊ बोलला, "ताई, मला इथंच सोडून जा."

"सोडायचं असतं तर दोघांचा डबा कशाला बांधला असता?" ती म्हणाली आणि डबा उघडून बसली. त्याने एक घास खाल्ला. तिने तोंड फिरवून डोळे पुसले. ते फक्त मी पाहिलं.

त्याच दिवशी रुग्णालय पाहायला काही आमदार आले होते. त्यांतल्या एक वयस्क बाई चालून दमल्या आणि माझ्यावर टेकल्या. "कुणाला दाखवायला आणलंय?" त्यांनी सहज विचारलं. मग ताईला थांबवेना. "पाय मोडला तर आमच्या गावात प्लास्टर होतं, बाई. मन मोडलं की दोन गाड्या बदलून यायचं आणि हे कुलूप बघून परत जायचं. काही झालं याला, तर मी कुणाला विचारू?"

आत बोलावणं आलं, तरी आमदारबाई उठल्या नाहीत.

पुढे गावोगावी मनावरचे उपचार मिळावेत म्हणून त्या बाईंनी सभागृहात कायदा मांडला. "आधी रस्ते, मग मन," असं काहींनी म्हटलं. तो एकदा बारगळला, पुन्हा मांडला गेला आणि अखेर मंजूर झाला. गावोगावच्या दवाखान्यांत मनाचं दुखणं ऐकणारं माणूस आलं, औषधंही आली.

ताई पुन्हा एकदाच आली, भावाचे जुने कागद गावच्या दवाखान्यासाठी न्यायला. "आता डेपोत गाड्या तपासतो," तिने शिपायाला सांगितलं. "स्टिअरिंगला अजून हात लावत नाही. पण झोपतो. भांडतोसुद्धा माझ्याशी!"

शिपाई हसला नाही. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "आमची पोरगी खोलीबाहेर येत नाही हो. ती दवाखान्यातली ऐकणारी बाई... ओरडत तर नाही ना?"

"बसा आधी," माझ्यावर बसलेली ताई म्हणाली आणि सरकली.

आता माझ्याकडे कुणी येत नाही. समोरच्या खोलीत मोडके पंखे ठेवलेत. कुणी आलं नाही म्हणजे जवळच कुठेतरी लोकांना दार उघडं मिळालं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. तरी व्हरांड्यात पाऊल वाजलं की वाटतं, कुणीतरी टेकावं.

मित्रांनो, कायदा दार उघडतो, पण दारापर्यंत सोबत जाणारं माणूस कायद्याने मिळत नाही. तुमच्या घरात, वर्गात कुणी अचानक गप्प झालं असेल, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. तो बोलला नाही, तरी लगेच उठू नका.