ज्याचा पाना, त्याचं बूड

आमच्या सेलारा देशाचं हे हेलिकॉप्टर लढतंही आणि माणसंही वाहतं. पुढे तोफ, अंगभर चिलखत आणि पोटात आठ जवान. परदेशी पाहुणे हसतात, म्हणतात हे धड लढाऊ नाही, धड मालवाहू नाही. हसोत बापडे. आम्ही तिला केरबाव म्हणतो, म्हणजे म्हैस. उन्हाळ्यात भरल्या पोटी ती जागच्या जागी उठत नाही, धावपट्टीवर पळत जाऊन उठते. पण उठते ना! एकतीस वर्षं मी तिची दुरुस्ती केली. तिला कुणी वाकडं बोललं की माझं डोकंच फिरतं.

आमच्या हवाई तळावरच्या दुरुस्ती कारखान्याचा एक कायदा आहे: ज्याचा पाना, त्याचं बूड. दुरुस्तीत शेवटचा पाना ज्यानं फिरवला, त्यानं पहिल्या उड्डाणाला तिच्या पोटात बसायचं. कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण मोडायची कुणाची टाप नाही. म्हणून तर आमच्याकडे नट ढिले राहत नाहीत.

या खेपेला केरबावच्या डोक्यावरच्या पंख्याचं काम माझ्या मुलीनं, मेलुरनं केलं. तिचं पहिलंच मोठं काम. जमलं की माझ्यामागे तीच उस्ताद होणार होती. काम चोख होतं, मी तीनदा पाहिलं. तरी धीर होईना. स्वतः इतक्या वेळा बसलो, तेव्हा असं कधी झालं नव्हतं.

मग मी अक्कल पाजळली. जेवणाच्या सुट्टीत वर चढलो आणि मेलुरनं बसवलेला एक नट आणखी किंचित आवळला. शेवटचा पाना माझा, म्हणजे बसणारही मीच.

पण मेलुरनं प्रत्येक नटावर लाल रंगाची रेघ ओढली होती. नट जरा हलला की रेघ तुटते. आल्या आल्या तिला तुटकी रेघ दिसली, आणि मग माझ्या पान्याला चिकटलेली लाल खपली. तोवर सगळे कारागीर जमले होते. वैमानिक कॅप्टन हादराननं नेहमीचा प्रश्न विचारला, शेवटचा पाना कुणाचा?

मी ‘माझा’ म्हटलं असतं तर संपलंच. मुलीचं काम बापाला निस्तरावं लागलं, असंच सगळे म्हणाले असते.

“बाबा, बसायचं तर खुशाल बसा,” मेलुर हळूच म्हणाली. “पण मग उद्यापासून मी येणार नाही.”

“नट ठीकच होता,” मी सगळ्यांसमोर सांगितलं. “मी घाबरलो. तिचं चांगलं काम मी बिघडवलं.”

कारागीर खो खो हसले. हसू दिलं. मेलुरनं तो नट सैल करून पुन्हा मापात आवळला, नवी रेघ ओढली आणि माझ्याकडे न बघता केरबावच्या पोटात जाऊन बसली. दार लागलं. म्हैस धावली, उठली आणि टेकडीमागे गेली.

मी तिथेच टेकडीकडे बघत राहिलो. तळावरची खानावळ माझी बायको रोस्मी चालवते. ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. मी शहाणपणानं म्हटलं, काळजी करू नकोस, वीस मिनिटांत येईल.

“बावीस,” ती म्हणाली. “तुमच्या दर उड्डाणाला मोजलीत मी. पहिली दहा मिनिटं जीव खालीवर होतो. मग होते सवय.”

“तुला कधी झाली?”

“अजून नाही,” टेकडीवरची नजर न काढता ती म्हणाली.