हुरडा आणि दडलेलं शून्य

पौषातली कोवळी उन्हं, मंगळवेढ्याची काळी जमीन आणि आगटीत तडतडणारी ज्वारीची कणसं. अशा ठिकाणी माणूस पोट घेऊन जातो. गुरुबसप्पा मास्तर मात्र दरवर्षी डोकं घेऊन जायचे.

त्याला कारण होतं. त्यांनी आणि शिवप्पांनी सोलापुरात एकाच शाळेत जन्मभर गणित शिकवलं. निवृत्तीनंतर शिवप्पा गावी शेतावर राहायला गेले आणि तेव्हापासून त्यांच्या हुरड्याला एक रीत पडली. शिवप्पांनी खोटी सिद्धता मांडायची, गुरुबसप्पांनी तिच्यातली चूक काढायची. चूक सापडेपर्यंत तोंडात दाणा नाही. उलट बाकीच्यांसाठी कणसं चोळत बसायचं. एका वर्षी शिवप्पांनी दोन बरोबर एक करून दाखवलं होतं. अ आणि ब सारखे धरले, पुढं दोन्ही बाजूंना अ वजा ब नं भागलं, अन् झालं. गुरुबसप्पांनी पाटीकडं धड पाहिलंही नव्हतं. दोघं सारखे, तर त्यांची वजाबाकी शून्य. आणि शून्यानं भागणं म्हणजे तळ नसलेल्या पायलीनं ज्वारी मोजणं, असं म्हणत त्यांनी पहिली मूठ तोंडात टाकली होती.

यंदा मात्र त्यांना स्वतःचाच भरवसा नव्हता. दिवाळीपासून डोक्यातलं काहीबाही निसटत होतं. घरी शिकायला येणाऱ्या दहावीच्या पोरींसमोर एकोणतिसाचा पाढा म्हणताना ते मध्येच अडकले, आणि पोरींनी माना खाली घालून हसू दाबलं. त्यांनी कुणाजवळ ब्र काढला नाही. मनाशी फक्त ठरवलं : यंदा चूक सापडली तर शिकवणी चालू. नाही सापडली तर पोरींना दुसरा मास्तर बघायला सांगायचं.

शिवप्पांनी पाटी पुढं सरकवली. वरच लिहिलं होतं :

∛(२ + √५) + ∛(२ − √५) = १

दोन वेड्यावाकड्या संख्या, एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला, आणि बेरीज म्हणे नेमकी एक. खाली सिद्धता होती. बेरजेला क्ष म्हटलं होतं, तिचा घन केला होता, सगळं एका बाजूला आणलं होतं. उरलं होतं ते असं :

(क्ष − १)(क्ष² + क्ष + ४) = ०

मग शिवप्पांनी दोन्ही बाजूंना त्या दुसऱ्या कंसानं भागलं होतं, आणि क्ष बरोबर एक निघाला होता.

गुरुबसप्पांचा जीव भांड्यात पडला. "शिवा, म्हातारा झालास की रं. दुसऱ्या कंसात शून्य दडलंय."

"मग काढून दाव की भाईर."

ते काढायला गेले. क्षच्या जागी शून्य घातलं, कंस चार झाला. एक घातला, सहा झाला. वजा एक घातला, पुन्हा चार. वजा अर्धा घालून त्याला खाली ओढला, तर पठ्ठ्या पावणेचारावर येऊन बसला आणि तिथून खाली उतरेना. बिळात हात घातला आणि बीळच रिकामं.

मग त्यांनी एकेक ओळ बोटानं चाचपली. घन बरोबर. चिन्हं बरोबर. तिकडं शिवप्पांची सून श्रीदेवी कणसं भाजत होती आणि गुरुबसप्पांच्या हातांनी चोळलेला हिरवागार हुरडा शेंगाच्या चटणीबरोबर दुसऱ्यांच्या तोंडात जात होता. गुरुबसप्पांच्या पत्नी महानंदाबाईंनी नवऱ्याकडं बघत सूर धरला :

*शून्य बाई शून्य, कणसात दडली अळी*
*मास्तर हुडकी चूक, हुरड्याची झाली होळी*

सगळे हसले. गुरुबसप्पाही हसले, आणि पुन्हा पाटीकडं वळले. चूक सापडत नाही, की चूक नाहीच? चूक नसली काय अन् आपल्याला दिसली नाही काय, पाटी तर तीच दिसते. नजर गेली असेल तर हे आपल्याला कळावं कसं? 'हरलो' म्हणणं सोपं होतं, त्यात लाज थोडी होती. 'चूक नाही' म्हणायचं आणि ती निघायची, म्हणजे सगळंच संपलं.

श्रीदेवीला त्यांची दया आली. "काका, फोनवर बघू का?"

"बघ, पर आदी मला बोलू दे." त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून बोट फिरवलं, सावकाश, जसं पोरींना शिकवताना फिरवत. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "शिवा, यात चूक न्हाय."

"हरलो म्हण की सरळ."

"हरलो न्हाय. तुजं गणित खरं हाय."

शिवप्पा उसळलेच. चूक आपण स्वतःच्या हातानं घातलीय, कंसानं भागलंय की, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. गुरुबसप्पा एवढंच म्हणाले, की भागण्यात पाप नाही, कंस शून्य असला तरच पाप. जन्मभर पोरांना शून्याची भीती घालून घालून शिवप्पांना आता प्रत्येक कंसात शून्यच दिसायला लागलंय.

श्रीदेवीनं तोवर फोनवर आकडे घातले. पहिली संख्या एक पॉइंट सहा एक आठच्या आसपास. दुसरी वजा शून्य पॉइंट सहा एक आठ. तिनं फोन सासऱ्यांपुढं धरला.

शिवप्पांनी पाटीच्या कडेला दोन्हींची बेरीज मांडली. एकच आली. "म्हंजे माज्या हातनं चुकून बरोबर झालं?"

"व्हय. लई वाईट झालं," गुरुबसप्पा म्हणाले, आणि चोळायची कणसं त्यांनी मित्राकडं ढकलली.

शिवप्पा कुरकुरत चोळू लागले, पण एक डोळा पाटीवरच होता. चूक अजून सापडेल अशी आशा त्यांनी सोडली नव्हती. गुरुबसप्पांनी वाफाळता हुरडा तोंडात टाकला. जीभ पोळली तरी फुंकर घातली नाही.

महानंदाबाई जवळ सरकल्या. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "सोमवारी पोरी येत्याल न्हवं? काय सांगू त्यास्नी?"

आपण काही बोललो नव्हतो, तरी हिला सगळं कळलं होतं, हे मास्तरांना आत्ता कळलं. त्यांनी दुसरी मूठ भरली.

"या म्हणावं. आन् पाढ्याचं पुस्तक घिऊन या म्हणावं." थोडं थांबून ते म्हणाले, "त्यास्नी न्हाय. मला लागतंय."

"सांगते की," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातावर चिमूटभर चटणी ठेवली.