रविवारचं बीपी

घरात डॉक्टर आहेत म्हटलं की लोक मला नशीबवान म्हणतात. माझ्या सासऱ्यांचा दवाखाना पुण्यात शनिवार पेठेत, आमच्या फ्लॅटच्या बरोबर खाली. अर्ध्या पेठेचा ताप बाबांनी उतरवलाय आणि उरलेल्या पेठेला चढवलाय. घरातलं कोणी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं, तर बाबा तो स्वतःचा अपमान समजतात.

आणि मी गेले होते. तेही मनोविकारतज्ज्ञाकडे, तेही शहराच्या पार टोकाला वाघोलीला, कारण शनिवार पेठेतलं माणूस उगाच वाघोलीला जात नाही. हिंजवडीच्या एका कंपनीत मी टीम लीड आहे. मीटिंग चालू असताना माझं डोकं चार गावं फिरून यायचं, मेल अर्धवट राहायचे. 'धांदरट' ही पदवी तर शाळेपासूनची. वाघोलीच्या मॅडमनी त्याला नाव दिलं, एडीएचडी, आणि मेंदूला चालना देणारी एक गोळी दिली. ती घेतल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मी हातात घेतलेलं काम संपवूनच उठले. त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी आनंदानं रडले.

"या गोळीनं बीपी वाढू शकतं, नाडीही वाढते. मोजत राहायचं," मॅडम म्हणाल्या होत्या.

"सासरेच डॉक्टर आहेत माझे."

"मग छानच. त्यांना या गोळीचं सांगून ठेवा."

मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' जाणाऱ्यांबद्दल बाबा जेवताना काय बोलतात, ते मी रोज ऐकत होते.

काही महिन्यांनी ऑफिसातून आल्यावर छातीत धडधडायला लागलं. बाबांनी दंडाला पट्टा बांधला. बीपी चांगलंच वर होतं.

"आमच्याकडे आलीस तेव्हा नव्हतं हो हे," ते म्हणाले, जसं काही मी माहेरून लपवून आणलं होतं. बीपीची गोळी सुरू झाली.

शनिवार-रविवार मी मॅडमची गोळी घेत नसे. सुट्टीच्या दिवशी नाही घेतली तरी चालेल, असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यामुळे रविवारी माझं बीपी शहाण्यासारखं वागायचं आणि मधल्या वारी उसळायचं. बाबा हुशार आहेत. महिनाभर सुट्टीचे आणि कामाच्या दिवसांचे आकडे बघून त्यांनी निदान केलं.

"हिला आजार नाही, हिला ऑफिस झालंय. नोकरी सोडायची."

"बाबा म्हणतायत तर..." पियुष म्हणाला. माझ्या नवऱ्याची सगळी वाक्यं तिथेच संपतात.

ज्या नोकरीसाठी गोळी गिळत होते, ती गोळीच आता त्या नोकरीला गिळायला निघाली होती. बाबांना खरं सांगावं, तर गोळी बंद होणार, आणि गोळीशिवाय नोकरी टिकणार नाही. गप्प बसावं तर नोकरी आजच जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर पट्टा घेऊन सासरे.

मग मी अक्कल चालवली. पुढच्या रविवारी सकाळी मॅडमची गोळी घेतली. रविवारीही बीपी वाढलं म्हणजे ऑफिस निर्दोष सुटेल, असा माझा हिशेब. तसंच झालं. बाबा गंभीर झाले, नोकरीचा विषय मागे पडला, मी मनातल्या मनात टाळी वाजवली. बाबांनी बीपीच्या गोळीचा डोस दुप्पट केला. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक गोळी जोडली. त्यांच्यासमोर बसून मी सगळं गिळत गेले. भीती वाटत होती, पण थांबायचं कुठे ते कळत नव्हतं.

नंतरच्या शनिवारी मॅडमची गोळी पोटात नव्हती. बीपीच्या मात्र सगळ्या होत्या. ओट्याशी उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा बाबा फरशीवर बसून पुन्हा पुन्हा पट्टा बांधत होते.

"परवा एवढं वर आणि आज एवढं खाली? मी काय दिलं हिला? कुठे चुकलो?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आडवी पडूनच मी सगळं सांगून टाकलं.

बाबांनी माझ्या दंडाचा पट्टा सोडला. मग म्हणाले, "मी तुला मारलं असतं, शेफाली. माझ्या हातानं. आणि तू मला मारू दिलं असतंस."

ते ओरडले असते तर मी भांडले असते.

त्याच दुपारी त्यांनी वाघोलीला फोन लावला. दोन्ही डॉक्टरांनी मिळून मॅडमची गोळी कमी ताकदीची केली, बीपीची एकच ठेवली आणि रोज मोजायचं ठरवलं. नोकरी राहिली, बीपी ताब्यात आहे. आता दर आठवड्याला दोघं माझ्याबद्दल बोलतात. बोलताना बाबा दवाखान्याचं दार लोटून घेतात. मी बाहेर, पेशंटांच्या बाकावर.

गोळ्या बाबांच्या कपाटात, कुलपात असतात. रोज सकाळी मी बसला निघण्याआधी ते दोन्ही गोळ्या माझ्या तळहातावर ठेवतात. मी पाण्याबरोबर गिळते. समोर पियुष पेपर वाचत असतो.

"आ कर," बाबा म्हणतात. "जीभ वर."

माझ्या हाताखाली बावीस माणसं काम करतात. लाज वाटते, रोज तेवढीच वाटते. बस चुकायला नको म्हणून मी आ करते.